पी.पी. नंबरवर आलेला फोन

आज जे लिहितोय ते माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही. वडील गेले, त्यांनाही माहीत नव्हतं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यासोबत मी वर्षानुवर्षं एकाच जीपमधून गावोगाव हिंडलो, एकाच डब्यातली भाजी खाल्ली, एकाच स्टेजवर उभा राहिलो — आणि नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

किंवा ओळखतही असाल. हिंगणघाटात, वडनेरला, सेलूकडे कुठं लग्नाच्या किंवा दुर्गोत्सवाच्या मांडवात बसला असाल, तर माझा आवाज तुमच्या कानावरून गेलेला असू शकतो. 'थांब्यावरच उभा मी' हे गाणं ज्याच्या आवाजात आहे तो दिलीप — तो मी. एका मराठी सिनेमातलं गाणं. सिनेमा कोणाला आठवत नाही, आमच्या टॉकीजमध्येसुद्धा आठवडाभर चालला असेल-नसेल. गाणं मात्र राहिलं. अजून लोक रस्त्यात थांबवतात, म्हणतात, "दिलीपभाऊ, काय आवाज लावलाय राव." मी हात जोडतो. तेव्हा मला काय होतं ते — थांबा. आधी पद्माकरभाऊंचं सांगतो, नाहीतर तुम्हाला काहीच कळणार नाही.

पद्माकरभाऊ गिटार वाजवत. आमच्या गावात गिटार म्हणजे काय हे लोकांना त्यांच्यामुळं कळलं. तरुणपणी ते नागपूरला होते, चार-पाच पोरांचा बँड होता त्यांचा — रॉक बँड. इंग्रजी गाणी, इलेक्ट्रिक गिटार, खांद्यापर्यंत केस. कॉलेजांच्या गॅदरिंगला त्यांना बोलावत. मग बँडमधला एक जण दुबईला गेला, एक बँकेत लागला, आणि पद्माकरभाऊ गावी परत आले. केस कापले, निर्मलाकाकूंशी लग्न केलं, ऑर्केस्ट्रा काढला. काकू शाळेत शिकवत, घर त्यांच्या पगारावर चाले. भाऊ ऑर्केस्ट्रात हिंदी गाणी, मराठी गाणी, लोक म्हणतील ते वाजवत. फक्त प्रोग्रामच्या शेवटी एक गाणं स्वतःचं म्हणत, जुन्या दिवसांतलं, स्वतःच चाल लावलेलं. घोगरा, खरखरीत आवाज. मधेच फाटायचा — आणि फाटायचा तिथंच गाणं धरून ठेवायचा. आमच्याकडच्या लोकांना ते काही झेपायचं नाही. ते गाणं सुरू झालं की अर्धा मांडव चहाला उठे. भाऊ हसत. म्हणत, "माह्या गाण्यानं चहावाल्याचा धंदा होते, त्याच्या पोटावर कायले पाय देऊ मी?"

मी त्या ऑर्केस्ट्रात गायचो. आमचं धान्याचं दुकान, मोंढ्याच्या रस्त्यावर. वडिलांनी दुकानाचा पुढचा एक कोपरा मला दिला होता, तिथं मी कॅसेटचं काउंटर टाकलं. लोक गाण्यांची नावं सांगत, मी त्यांना कोऱ्या कॅसेटवर भरून देई. तो धंदा तेव्हा बरा चालायचा. पण मला गायचं होतं. आवाज गोड होता माझा, सगळे म्हणत. पद्माकरभाऊही म्हणत, फक्त त्यांच्या म्हणण्याला शेपूट असे — "गोड आहे बे, पण पेढा आहे. एका पेढ्यावर माणूस जेवते का?" सगळी पोरं हसत. मीही हसायचो. ते मला लागायचं का? लागायचं. पण ते खोटं बोलत नव्हते, हेही मला कळायचं. बहुतेक त्यामुळंच जास्त लागायचं.

नव्वदीचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. टीव्हीवर पॉप गाण्यांचं पीक आलं होतं. नागपूरचे एक कंत्राटदार — त्यांना आम्ही शेठ म्हणायचो — मराठी सिनेमा काढत होते आणि त्यांना त्यात तसंच एक गाणं हवं होतं. सिनेमाच्या आधी ते गाणं एकट्याचंच कॅसेटवर काढायचं, पोरांच्या तोंडी बसवायचं, मग पोरं आपोआप टॉकीजला येतील, असा त्यांचा हिशेब. शेठनं कॉलेजात असताना पद्माकरभाऊंना ऐकलेलं. ते गाडी घेऊन सरळ हिंगणघाटला आले. म्हणाले, मला मुंबईचा गायक नको, मला तो गॅदरिंगवाला आवाज पाहिजे. काकूंनी त्यांना पोहे दिले. भाऊ नुसते बसून होते. शेठ गेल्यावर काकू म्हणाल्या, "हो तरी म्हटलं का त्याईले?" भाऊ म्हणाले, "म्हटलं वाटते."

मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, कारण मी तिथं होतो. मी नेहमीच तिथं असायचो.

भाऊंनी आठवड्याच्या आत चाल बांधली. शब्दही त्यांचेच. गावच्या थांब्यावर एक पोरगा उभा आहे, शेवटची एसटी निघून गेली आहे आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही — एवढंच गाणं. ऐकायला मजेचं. पण भाऊ ते म्हणत तेव्हा त्या पोरट्याचं वय पन्नाशीच्या पुढं गेल्यासारखं वाटायचं, आणि हसता हसता कसंतरी व्हायचं. त्यांनी सिगारेट सोडली त्या गाण्यासाठी. तीस वर्षांची सिगारेट. खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या ठेवू लागले. सकाळ-दुपार मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. काकू मला म्हणाल्या, "माह्यासाठी नाई सुटली, शेठसाठी सुटली." पण खूश होत्या.

नागपूरला स्टुडिओत गाण्याचं संगीत भरायचं ठरलं. तुम्हाला ती पद्धत सांगतो, कारण पुढचं त्यावर आहे. आधी वाजवणारे वाजवतात. पण गाणं कुठं आहे, अंतरा कुठं सुरू होतो, हे त्यांना कळावं म्हणून कोणीतरी कच्च्या आवाजात म्हणून ठेवतो. त्याला डमी म्हणतात. नंतर खरा गायक येतो, डमी पुसून त्या जागी आपला आवाज टाकतो. भाऊंना काचेच्या अलीकडे गिटार घेऊन वाजवणाऱ्यांना सांभाळायचं होतं, गळाही जपायचा होता. ते म्हणाले, "डमी दिलीप म्हणन." मी म्हटली. आयुष्यात पहिल्यांदा कानाला ते मोठे हेडफोन लावले आणि स्वतःचा आवाज ऐकला — स्वच्छ, भरलेला, कुठंही न फाटलेला. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "आवाज साफ आहे तुमचा." तो सगळ्यांनाच तसं म्हणत असेल. मी ते वाक्य घरी घेऊन आलो.

शेठ म्हणाले, आवाज टाकायची तारीख फोनवर कळवतो.

आता फोनचं. पद्माकरभाऊंकडे फोन नव्हता. गल्लीत कोणाकडेच नव्हता. फोन आमच्या दुकानात, धान्याच्या धंद्यामुळं. ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजारच्या दुकानाचा नंबर देत आणि पुढे पी.पी. असं लिहीत — म्हणजे या नंबरवर करा, ते बोलावून देतील. लग्नाच्या पत्रिकांवर, लेटरहेडवर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर आमचा नंबर असा कितीतरी लोकांचा होता. बाहेरगावचा फोन महाग, म्हणून समोरचा नाव सांगून ठेवून देई. आपण जाऊन त्या माणसाला बोलावून आणायचं. थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजे. माझे वडील गिऱ्हाईकासमोर तराजू तसाच सोडून उठत. कोणाचं बाळंतपण, कोणाची नोकरी, कोणी गेल्याची बातमी — सगळं आमच्या दुकानातून गल्लीत जायचं. वडील पावसातही जात. म्हणत, आपल्याकडे कोणाचा फोन आला तर तो त्याचा आहे, आपण नुसतं उठायचं.

शेठकडे पद्माकरभाऊंचा म्हणून हाच नंबर होता.

भाऊ रोज दुपारी दुकानावर येऊ लागले. काहीतरी निमित्त असे. कधी सेल पाहिजे, कधी पेपर पाहू दे. मग काउंटरला कोपर टेकून विचारत, "आल्ता का रे फोन?"

"नाई भाऊ."

"बरं. मी जवळूनच चाल्लो होतो म्हणून म्हटलं."

आणि एका दुपारी तो आला. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, रस्त्यावर धूळ, वडील तळेगावकडे नातेवाइकांत गेलेले. दुकानात मी एकटा. शेठ स्वतः बोलत होते. "पद्माकरजींना बोलवा जरा, परवा सकाळचा स्टुडिओ मिळाला आहे. आवाज टाकून घेऊ." मी म्हणालो, हो शेठ, थोड्या वेळानं करा, बोलावून आणतो. आणि खरंच निघालो. शपथेवर सांगतो, बोलवायलाच निघालो होतो — पण शपथेला आता काय अर्थ आहे?

गल्लीच्या तोंडाशी आलो. तिथून भाऊंचं अंगण दिसतं. ते अंगणात उभे होते, बनियनवर, हातात पितळी गडवा, मान वर करून गुळण्या करत होते. तो आवाज मला गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होता. एक कोंबडी त्यांच्या पायाशी. त्यांनी पाणी थुंकलं, परत तोंड भरलं, परत मान वर केली. त्यांनी मला पाहिलं नाही.

मी तिथून परतलो.

का? इतकी वर्षं मी स्वतःला हेच विचारतोय. मनात काय होतं तेव्हा? काहीच नव्हतं असं म्हणायला मला आवडेल. भोवळ आली, भान राहिलं नाही, असलं काही. पण भान होतं. मी दुकानात आलो, एका बाईला हरभऱ्याची डाळ मोजून दिली, सुटे पैसे परत केले. मग फोन वाजला. मी उचलला आणि म्हणालो — "शेठ, भाऊंचा गळा पार बसला आहे. डॉक्टरनं गायला मनाई केली. ते म्हणाले, माझ्याच्यानं आता व्हायचं नाही."

शेठ म्हणाले, "अरे यार. एवढी हौस होती मला."

इथंही थांबता आलं असतं. पुढची बरीच वर्षं मी स्वतःला अशी समजूत घालत होतो की त्यानंतर शेठनंच विचारलं, मग तुझा डमी आहे ना? तसं झालं नाही. मी विचारलं. मी म्हणालो, "डमी चालत असेल तर बघा. मी येऊन नीट गाऊन देईन." शेठ म्हणाले, "आता दुसरं काय करणार? ये. त्यांना सांग, गळ्याला जपा म्हणाव."

वडील परत आले आणि नेहमीसारखं विचारलं, "कोणाचा फोनगिन आल्ता का?" मी म्हटलं, नाही. कोऱ्या कॅसेट आणायला मी दर महिन्याला नागपूरला जायचो, तसं सांगून गेलो. गायलो. कॅसेटही आणल्या. आणि त्यानंतरही पद्माकरभाऊ दुपारचे येत राहिले. काउंटरला कोपर. "आल्ता का रे?" मी त्यांच्याकडे बघून "नाई भाऊ" म्हणत होतो. एकदा नाही, रोज. एकदा काकूंनी त्यांच्यासोबत आलेपाक पाठवला होता, मलाही थोडा — दोघं गाणारे म्हणून. मी खाल्ला.

तुम्हाला वाटेल, त्यांनी शेठला उलटा फोन का नाही केला? मीही त्याच भीतीत होतो. मी भीत भीत सुचवल्यासारखं केलं, तर ते म्हणाले, "काऊन करायचा? त्याले गरज असन तर तो करन. आपण लोकाच्या दारात उभं राह्यचं नाई." त्यांचा हा स्वभाव मला माहीत होता. तो माहीत असल्यामुळंच माझं निभावलं. आणि शेठही पुढे कधी हिंगणघाटला आले नाहीत.

मग कॅसेट आली. वर हिरो-हिरोईनचं चित्र, मागं बारीक अक्षरात गीत-संगीत पद्माकरभाऊंचं, आवाज माझा. एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला नुसतं संगीत. भाऊ आले तेव्हा मी पाठ केलेलं बोललो. शेठनं डमीच ठेवला म्हणे, मला कॅसेट हातात पडल्यावर कळलं. भाऊंनी कॅसेट उलटीपालटी करून बघितली. म्हणाले, "लाव." मी लावली. ते कोपर टेकून पूर्ण ऐकत राहिले, शेवटचा ठोका विरेपर्यंत. मग म्हणाले, "दुसऱ्या अंतऱ्यात श्वास चुकला तुहा." रिकामं कव्हर काउंटरवर ठेवत म्हणाले, "ठेवला ते बरंच केलं त्यानं. पोरासोराईचा सिनेमा आहे. माह्या गळ्यात आता काय राह्यलं असन?"

तेवढं बोलून ते समोरच्या पानठेल्यावर गेले. मी इकडून पाहत होतो. त्यांनी सिगारेट पेटवली.

मी त्यांच्यापासून गाणं घेतलं, एवढंच असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो कदाचित. गाणं नंतर पुष्कळ वाजलं — जीपगाड्यांत, एसटीच्या कँटीनमध्ये, मांडवांत. ऑर्केस्ट्राला बुकिंग वाढलं, ते माझ्या नावावर. मी पुढं माइकवर, भाऊ मागं गिटारवर. तो दुसऱ्या अंतऱ्यातला श्वास त्यांनीच मला घोटून शिकवला. मनापासून शिकवला. पण शेवटचं ते स्वतःचं गाणं म्हणणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. कोणी विचारलं नाही, कारण कोणाला ते हवंच नव्हतं. तालमीत ते चाल सांगायची असली तरी गिटारवर वाजवून दाखवत, तोंडानं नाही. घरी काकूंसोबत आरतीला उभे राहत तेव्हा नुसते टाळ्या वाजवत — हे काकूंनीच मला सांगितलं. "गळा गेला म्हणते आपला. डॉक्टरले दाखवू म्हटलं तर येत नाई. तू तरी सांगून पाह्य ना, दिलीप."

त्यांचा गळा चांगला होता. ज्या दुपारी मी शेठला खोटं सांगितलं, तेव्हाही चांगला होता. मी फोनवर जे बोललो ते त्यांच्या कानावर कधीच गेलं नाही, आणि तरी त्यांनी तेच खरं धरलं. याला काय म्हणायचं?

त्यानंतर दहाएक वर्षं ते जगले. एवढ्या काळात मला सांगता आलं नाही, असं नाही. जीपमध्ये शेजारी बसून वर्धेहून येताना किती वेळा तोंडाशी आलं. पण मग बुकिंग जाईल, लोक काय म्हणतील, वडील काय म्हणतील. वडील गेल्यावर तेही कारण उरलं नाही, तरी नाही. भाऊ गेले ते हृदयविकारानं, सकाळी, चहा होण्याच्या आत. शोकसभेत गावानं मला गायला सांगितलं. मी तेच गायलो. दुसऱ्या अंतऱ्यात श्वास बरोबर घेतला.

आता जे राहिलं आहे ते फोनपेक्षा वाईट आहे. फोनचं मी त्या एका दुपारी केलं. हे मात्र थंड डोक्यानं केलं.

भाऊ जाऊन वर्ष झालं होतं. कॅसेटचा धंदा संपला होता, त्याच काउंटरवर मी मोबाइलचं रिचार्ज करत होतो. त्यांची मुलगी स्वाती आली. ती पुलगावला दिली आहे. बसली, पाणी प्याली, म्हणाली, "दादा, बाबांच्या आवाजातलं काही असन का तुमच्याजवळ? कोण्या प्रोग्रामचं, तालमीचं, काहीबी. आई म्हणते, माणूस डोळ्यापुढं येते पण आवाज येत नाई आता. घरात कुठंच नाई बाबांचा आवाज."

मी म्हटलं, नाही गं. जुन्या कॅसेटी बुरशीनं गेल्या.

खोटं होतं. मला गाणं शिकवण्यासाठी भाऊंनी ते एकदा पूर्ण माझ्या टेपवर म्हणून ठेवलं होतं, त्यांच्या आवाजात, गिटारसकट. मधेच आवाज फाटतो, ते हसतात आणि पुढं म्हणतात. नागपूरहून माझा आवाज टाकून आलो, त्याच आठवड्यात मी ती कॅसेट काढली. कोणी दोन्ही आवाज शेजारी शेजारी लावून ऐकले तर सगळ्यांना कळेल कोणाचं गाणं खरं आहे, याची मला भीती होती. एका गिऱ्हाइकाला भजनं भरून हवी होती. कोऱ्या कॅसेटी दुकानात भरपूर होत्या. तरी मी तीच लावली आणि भाऊंच्या आवाजावर दोन्ही बाजू भजनांनी भरून त्याला देऊन टाकली. भरताना समोर बसून होतो. चाकं फिरताना बघत होतो.

हे स्वातीला नाही सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमचंच द्या दादा. चाल तरी बाबांची आहे. आई ऐकन." मी तिला सीडी करून दिली. पैसे घेतले नाहीत, आणि त्याचं तिला कौतुक वाटलं.

मागच्या दिवाळीत ती भेटली तेव्हा म्हणाली, आई रोज सकाळी पूजा झाली की ते लावते. डोळे मिटून बसते. पूर्ण होईपर्यंत कोणाशी बोलत नाही.

पद्माकरभाऊंच्या घरात रोज सकाळी जो आवाज येतो, तो माझा आहे.